सोळा आण्यांतला गुडघा

मावशीला दुखणं शून्य ते दहात सांगता येईना. माझ्या फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने तिच्यापुढे नेहमीची आखलेली रेघ धरली, एका टोकाला हसरा चेहरा, दुसऱ्या टोकाला रडका. मावशीने ती निरखून पाहिली आणि म्हणाली, "हें भुरग्यांचें." म्हणजे पोरांचं. मग गुडघ्यावर तळवा ठेवून स्वतःच हिशोब सांगितला. "आज बारा आणे."

तेव्हापासून या प्रकरणाची मोजपट्टी सोळा आण्यांची आहे. सोळा आणे म्हणजे सुनेने काखेत हात घालून उठवल्याशिवाय उठता येत नाही. आठ आणे म्हणजे उठता येतं, पण देवाचं नाव घेत. चार आणे म्हणजे दुखतं आहे, पण कामाच्या भरात विसरायला होतं. शून्य तिने कधीच सांगितलं नाही. चौसष्टाव्या वर्षी गुडघा अजिबात दुखत नाही असं म्हणणं तिला बहुधा उद्धटपणाचं वाटत असावं.

प्रकरण असं. रुग्ण स्त्री, वय ६४, गोव्यातल्या फोंडा तालुक्यात देवळाच्या वाटेवर फुलं विणते आणि विकते. उजवा गुडघा सात वर्षांपासून दुखतो. क्ष-किरण चित्रात मध्यम स्वरूपाची झीज. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू. सरकारी इस्पितळात गुडघा बदलण्याचा विषय निघाला होता, पण "अजून वेळ आहे" असं तिथेच सांगितलं गेलं. गुडघा सुजला की वेदनाशामक गोळी घ्यायची, ती पोटाला लागते म्हणून चार दिवसांनी सोडायची, असं चाललं होतं. मैत्रिणीने ॲक्युपंक्चरचं प्रशिक्षण घेतलं आहे. देवळाच्या अग्रशाळेतल्या, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासातल्या, एका खोलीत ती आठवड्यातून दोन दिवस गुडघेदुखीचे रुग्ण बघते आणि त्यांच्यावर तिला शोधनिबंध लिहायचा आहे. माझा पेशा आकड्यांचा. कच्च्या मसुद्यावर नजर टाक, एवढंच तिने मला सांगितलं होतं. ओळख पटू नये म्हणून मावशीच्या घरचे एक-दोन तपशील बदलले आहेत. गुडघा बदललेला नाही.

मसुद्याचं पहिलंच वाक्य होतं: चार आठवड्यांत आठ वेळा सुया लावल्यावर वेदना बारा आण्यांवरून चार आण्यांवर आली, म्हणजे दोन तृतीयांश वेदना गेली.

वाक्य खरं होतं. तरी ते मला तसंच जाऊ द्यायचं नव्हतं, आणि पुढचे सहा महिने त्यात गेले.

आधी सुई कशी लावतात ते. मी एका शुक्रवारी जाऊन बसले होते. खोलीत तीन खाटा, मध्ये पडदे, खिडकीबाहेर सुपारीची झाडं. मावशी उताणी झोपली, गुडघ्याखाली लोळी करून ठेवलेली चादर. सुई केसाच्या तीन-चार पट जाड, पाव मिलिमीटरची, एका बारीक प्लॅस्टिकच्या नळीतून येते. नळी कातडीवर टेकवून वर टिचकी मारली की सुई आत. वाटीच्या खाली दोन बाजूंना जे खळगे असतात त्यांना चिनी परंपरेत 'गुडघ्याचे डोळे' म्हणतात. तिथे दोन. तिसरी गुडघ्याच्या चार बोटं खाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला. या बिंदूचं नाव त्सु-सान-ली, शब्दशः पायाचे तीन 'ली'. ली हे अंतराचं जुनं माप. इथे टोचलं की थकलेला वाटसरू आणखी तीन ली चालतो, अशी आख्यायिका. मांडीवर दोन, घोट्याच्या वर एक. मैत्रीण सुई चिमटीत धरून किंचित फिरवते आणि विचारते, "आलं का?" यायला हवी ती वेदना नव्हे. जडपणा, मुंग्या, आत कुणी दोरी ओढल्यासारखं. चिनी शब्द दे-ची. मावशीचं उत्तर: "पायाला दोन नारळ बांधल्यासारखं झालं गे."

मग वीस मिनिटं काहीच होत नाही. या वीस मिनिटांवर मी पुढे पुष्कळ विचार केला. मावशी झोपलेली असते. कुणी तिला उठवत नाही, चहा मागत नाही, फांती (विणलेली फुलांची माळ) मागत नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईशी पडद्याआडून बोलणं चालू असतं. मैत्रीण मध्येच येऊन कपाळाला हात लावून जाते. सुया काढल्यावर ती मावशीकडून मांडीचे स्नायू आवळण्याचा व्यायाम करून घेते, दहा वेळा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे एकदा वाटाण्याएवढा निळा डाग पडला, दोन-तीन दिवसांत गेला. सुया एकदा वापरून टाकून द्यायच्या. मधुमेहाचा रुग्ण म्हणून पाऊल दर वेळी तपासायचं. या बाबतीत मैत्रीण कडक आहे.

आता मसुदा. बारा आणे हा आकडा कोणत्या दिवशीचा, असं मी विचारलं. पहिल्या भेटीचा. पहिली भेट कधीची? अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांची.

गोव्यात फुलांच्या धंद्यातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. श्रावणातली आदित्यपूजनं, मग चवथ. सबंध वर्षात गुडघ्याला याहून वाईट काळ नाही. पहाटे चारला पाटावर बसायचं, उजवा पाय दुमडून, डावा बाहेर. मांडीवर फुलांचं सूप आणि केळीच्या सोपटाचा भिजवलेला दोरा. अबोलीची फांती विणताना बोटं चालतात, बाकी सगळं अंग गोठलेलं असतं. मावशीच्या मुलाची ऑर्डरींची वही आहे, शाळकरी, दुरेघी. ती मी मागून घेतली. चवथीच्या आधीच्या आठवड्यात पानंच्या पानं भरलेली. चतुर्दशीनंतर पान जवळजवळ कोरं. साहजिकच: पितृपक्ष. म्हाळाच्या दिवसांत फुलांना गिऱ्हाईक नाही.

म्हणजे दुखणं टोकाला असताना मावशी खोलीत आली आणि पहिले चार वेळचे उपचार झाले ते बरोबर तिच्या सक्तीच्या सुट्टीत. या पंधरा दिवसांत नुसती हळद लावली असती तरी आणे उतरले असते. चढउताराचं दुखणं असलेला माणूस दुखणं शिगेला पोचल्यावरच डॉक्टरकडे जातो. शिगेनंतरचा उतार मग त्या वेळी जे काही चालू असेल त्याच्या खात्यावर जमा होतो. गंडेदोऱ्यांपासून मलमापर्यंत सगळ्यांचा धंदा या एका उतारावर चालतो, आणि महागडी इंजेक्शनंही याला अपवाद नाहीत.

मैत्रीण चिडली नाही. तिने सुनेने लिहिलेली दिनदर्शिका पुढे केली, तारखेच्या चौकटीत रोजचे आणे. पितृपक्षाच्या शेवटी पाच. ठीक, हे सुट्टीचं मान. पण पुढे बघ, म्हणाली. नवरात्र आलं, देवळांत मखरोत्सव, रोज रात्री मखराला हार. वहीची पानं पुन्हा चवथीइतकीच भरलेली, आणि तरी आणे सहाच्या वर गेलेले नाहीत. काम तेवढंच, दुखणं निम्मं. "आता हे कशाचं?"

उत्तर मला सुचलं नाही. ते महिनाभराने अचानक सापडलं, मी मावशीकडून ओवळांचे, म्हणजे बकुळीचे, वळेसार घ्यायला थांबले तेव्हा. ती पाटावर नव्हती. लाकडी बाकावर बसली होती, दोन्ही पाय खाली सोडून, समोर उंच चौरंगावर फुलांचं सूप. बाक कधीचा? मुलगा म्हणाला, म्हाळाच्या दिवसांत हात रिकामे होते, तेव्हा सुताराकडून करून घेतला. मॅडमनीच सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी: पाटावर बसणं बंद.

हा सल्ला मैत्रिणीच्या मसुद्यात कुठेच नव्हता. लपवला म्हणून नव्हे. तिला तो उपचार वाटलाच नव्हता. सुई हा उपचार. बाक ही सूचना.

यात ती एकटी नाही. गुडघ्याच्या अभ्यासांत जगभर वोमॅक नावाची प्रश्नावली वापरतात. २४ प्रश्न: पाच वेदनेचे, दोन ताठरपणाचे, सतरा हालचालींचे. त्यात मोजे घालताना आणि काढताना होणाऱ्या त्रासाचे दोन वेगळे प्रश्न आहेत. बाथटबमध्ये शिरण्याचा एक, मोटारीत चढण्या-उतरण्याचा एक. मांडी घालून बसण्याचा एकही नाही. मावशीने आयुष्यात मोजे घातलेले नाहीत आणि तिच्या गुडघ्याची सगळी कहाणी मांडी घालण्यात आहे. प्रश्नावलीत जे नाही ते कागदावर येत नाही, आणि मग त्याचं श्रेय कुणी दुसराच घेऊन जातो.

इतकं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे सुया थोतांड. मी तसं म्हणत नाही. इथे मावशीला थोडं बाजूला ठेवून मोठ्या अभ्यासांकडे जावं लागेल.

सुयांविषयी आपल्याकडे दोन टोकाच्या दंतकथा आहेत. एक अशी, की चीनमध्ये अमेरिकन पत्रकाराचं पोट नुसत्या सुया टोचून, भूल न देता फाडलं. पत्रकार जेम्स रेस्टन, साल १९७१, आजार आंत्रपुच्छाचा. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की शस्त्रक्रिया नेहमीची भूल टोचून झाली. सुया लावल्या त्या नंतर, पोटात वायू धरून दुखायला लागलं तेव्हा: उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली. आराम पडला. गोष्ट एवढीच होती, पण पश्चिमेत तिने कुतूहलाचा डोंब उसळवला. दुसरी दंतकथा अशी, की हे सगळं मनाचे खेळ, शरीरात काही घडतच नाही. तेही चूक. १९७६ मध्ये टोरांटोच्या ब्रूस पोमेरांझ यांनी उंदरांना नालोक्झोन दिलं. हे अफूच्या जातीच्या द्रव्यांना अडवणारं औषध. ते दिल्यावर सुईचा वेदनाशामक परिणाम नाहीसा झाला. म्हणजे शरीर स्वतःची अफू सोडत होतं आणि सुई तिला सोडवत होती. बीजिंगच्या हान जीशंग यांनी पुढे दाखवलं की सुईतून विजेचे मंद ठोके दिले, सेकंदाला दोन, तर एका प्रकारची द्रव्यं सुटतात आणि शंभर दिले तर दुसऱ्या. २०१० मध्ये रोचेस्टर विद्यापीठातल्या चमूने उंदराच्या त्याच त्सु-सान-ली बिंदूवर सुई टोचून फिरवली, तेव्हा आसपासच्या ऊतीत ॲडेनोसिन हे वेदना शमवणारं द्रव्य वाढलं. ज्या उंदरांत ॲडेनोसिनला धरणारा पेशींवरचा ग्राहकच (रिसेप्टर) नव्हता त्यांना फरक पडला नाही. सुई नुसती टोचून ठेवली, फिरवली नाही, तरीही फरक नाही.

(मराठी वाचकासाठी एक आडवळण. भारतात ही विद्या रुजवली ती डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातले ते एक, सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांचे सहकारी. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. बसू परतले, १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन सुया शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी काम सुरू केलं. अग्रशाळेतल्या खोलीत कोटणीसांचा फोटो आहे. त्यांच्या हातात सुई कधी आली की नाही, हा प्रश्न तिथे कुणी काढत नाही.)

म्हणजे काहीतरी घडतं. पण उंदराच्या पायात काही घडणं वेगळं आणि मावशीला त्याचे किती आणे मिळतात हे वेगळं. त्यासाठी माणसं लागतात, पुष्कळ, आणि खोटी सुई लागते.

खोटी सुई ही या क्षेत्रातली सगळ्यात अवघड वस्तू आहे. गोळीची नक्कल खडूची करता येते, पण टोचल्याची नक्कल न टोचता कशी करायची? १९९८ मध्ये जर्मनीच्या स्ट्राइटबर्गर यांनी उपाय काढला: बोथट टोकाची सुई, जी दाबली की स्वतःच्याच मुठीत सरकते. जत्रेतल्या नाटकातला खंजीर, अगदी तोच. रुग्णाला टोचल्याचा भास होतो, कातडी भेदली जात नाही. दुसरा मार्ग म्हणजे खरी सुई, पण चुकीच्या जागी आणि वरवर.

जर्मनीत हा दुसरा मार्ग वापरून प्रचंड अभ्यास झाले. आरोग्य विम्याने सुयांचे पैसे द्यावेत की नाहीत हे ठरवायचं होतं. गुडघ्याच्या अभ्यासात हजारावर रुग्ण, निकाल २००६ चा. सहा महिन्यांनी पुरेसा आराम मिळालेले किती? परंपरेने सांगितलेल्या बिंदूंवर सुया: ५३ टक्के. चुकीच्या जागी वरवर सुया: ५१ टक्के. सुया नाहीत, डॉक्टरांच्या भेटी आणि वेदनाशामक गोळ्या: २९ टक्के. पाठदुखीच्या ११६२ रुग्णांतही असंच चित्र: ४७.६, ४४.२ आणि २७.४.

या तीन आकड्यांत सगळं भांडण भरलेलं आहे. सुयावाले पहिला आणि तिसरा आकडा शेजारी ठेवतात आणि म्हणतात, औषधांपेक्षा जवळपास दुप्पट. संशयवादी पहिला आणि दुसरा शेजारी ठेवतात: बिंदूंची सगळी शास्त्रं पाण्यात, कुठेही टोचा. जर्मन विम्याने पहिली जोडी पाहिली आणि २००७ पासून गुडघा आणि कंबर या दोन दुखण्यांसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कोणते उपचार द्यावेत याची शिफारस करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने दुसरी जोडी पाहिली आणि गुडघ्याच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका असं सांगितलं. त्याच नाइसने २०२१ मध्ये, कारण सापडत नाही अशा जुनाट वेदनेसाठी मात्र त्याचा विचार करायला हरकत नाही म्हटलं. माहिती तीच, प्रश्न वेगळा, म्हणून उत्तरही वेगळं.

माझ्या मते या वादातलं सगळ्यात शहाणं काम अँड्र्यू व्हिकर्स यांचं. न्यूयॉर्कचे संख्याशास्त्रज्ञ, मी त्यांच्याकडे झुकले तर तो व्यवसायबंधूंचा पक्षपात समजा. १९९८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधून प्रसिद्ध झालेल्या ॲक्युपंक्चरच्या चाचण्या एकजात यशस्वी आहेत, एकही अपयशी नाही. जिथे कुणीच नापास होत नाही त्या परीक्षेचं काय समजायचं ते आपण समजतो. पुढे त्यांनी जगभरच्या चांगल्या चाचण्यांतल्या एकेका रुग्णाचे मूळ आकडे मागवून एकत्र केले. नुसते निष्कर्ष नव्हेत, कच्चा माल. २०१२ मध्ये २९ चाचण्या, जवळजवळ १८,००० रुग्ण. २०१८ मध्ये ३९ चाचण्या, २०,८२७ रुग्ण. २०१२ च्या लेखातलं त्यांचं उदाहरण मी मैत्रिणीला पाटीवर लिहून दाखवलं. शंभरपैकी ६० वेदना असलेला माणूस घ्या. सुयांशिवाय काही काळाने तो ४३ वर येतो. खोट्या सुयांनी ३५ वर. खऱ्या सुयांनी ३० वर.

पाटीकडे बघत ती बराच वेळ गप्प होती. ६० ते ४३, हे सतरा गुण कुणाचेच नाहीत. काळाचे, शिगेवरून उतरण्याचे, रोजच्या औषधांचे. ४३ ते ३५, हे आठ त्या वीस मिनिटांचे: खाट, पडदा, अपेक्षा, कपाळावरचा हात, आणि कदाचित चुकीच्या जागी टोचण्याचेही. ३५ ते ३०, हे पाच नेमक्या सुईचे. शंभरातले पाच. शून्य नाहीत, पण फलकावर लावण्याजोगेही नाहीत.

"म्हणजे माझे पाचच?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तेरा. खोली तुझीच आहे ना?

वाक्य मी सहज बोलून गेले, पण त्यामागे पुरावा आहे. हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांच्या गटाने २००८ मध्ये आतड्यांच्या दुखण्याचे २६२ रुग्ण घेतले. पहिल्या तीन आठवड्यांत खरी सुई कुणालाच लावली नाही. काहींना नुसतं प्रतीक्षायादीत ठेवलं. त्यांतल्या २८ टक्क्यांना पुरेसा आराम पडला. काहींना खोटी सुई, फारसं न बोलता: ४४ टक्के. काहींना तीच खोटी सुई, पण उपचार करणारा माणूस आपुलकीने बोलणारा, ऐकून घेणारा: ६२ टक्के. सुई तीच, खोटी. फरक माणसाचा.

आता परत मावशीकडे. दिवाळीनंतर आम्ही तिघींनी मिळून एक छोटा खेळ ठरवला. 'तिघींनी' हे महत्त्वाचं. मावशीला सगळं सांगितलं, काहीही झाकलं नाही. बाक तसाच राहणार, व्यायामही. पुढचे सहा पंधरवडे तीन प्रकारचे: दोन सुयांचे, दोन यायचंच नाही असे, आणि दोन असे की यायचं, वीस मिनिटं खाटेवर पडायचं, बोलायचं, पण सुई नाही. क्रम चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठी का, तुम्ही ठरवा की, असं मावशी म्हणाली. आम्ही ठरवलं तर बरे दिवस सुईच्या वाट्याला देऊ, म्हटलं. हे तिला लगेच पटलं. "देवाक कौल लायतात तशें." देवाच्या अंगावर लावलेली पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून, यावर जिथे लग्नं ठरतात तिथे संशोधनातली यादृच्छिकता समजावायला मला एक मिनिटही लागलं नाही. अनेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लागतं त्याहून खूपच कमी.

सुनेने रोज संध्याकाळी आणे लिहिले. मी शेजारी वहीतल्या ऑर्डरी लिहिल्या, कारण कार्तिकापासून माघापर्यंत जत्रांचा हंगाम आणि काम कधी फार, कधी थोडं. हिशोब असा निघाला: न येण्याच्या पंधरवड्यांत सरासरी सहा आण्यांच्या आसपास. नुसतं येऊन पडण्याच्या पंधरवड्यांत पाच. सुयांच्या पंधरवड्यांत साडेचारच्या आगेमागे. सुई लावलेल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मात्र ते तीनपर्यंत उतरत आणि तिसऱ्या दिवशी परत वर.

हे व्हिकर्सच्या पायऱ्यांशी इतकं जुळलं की मला ते फार गोड लागलं, आणि म्हणूनच माझा त्यावर विश्वास नाही. एक गुडघा, सहा पंधरवडे, मावशीला ठाऊक की सुई लागली की नाही, सुनेला ठाऊक, आम्हाला ठाऊक. न येण्याच्या एका पंधरवड्यात घरात आजारपण होतं आणि झोप झाली नव्हती. ते आणे गुडघ्याचे की जागरणाचे? अर्ध्या आण्याच्या फरकावर मी कुणालाही काहीही विकणार नाही. पण एक गोष्ट मावशीने न विचारता सांगितली, आणि ती कुठल्या रकान्यात बसत नव्हती. न येण्याच्या पंधरवड्यांत तिला गुडघ्यापेक्षा शुक्रवार जास्त आठवायचा. "घरांत मला आडवी पडूंक कोण दिता?"

मधल्या काळात एक घोळ झाला. एका आरोग्य शिबिराच्या आयोजकांनी मैत्रिणीला बोलावलं आणि न विचारता फलक छापला: शस्त्रक्रियेविना गुडघेदुखी कायमची बरी. खाली अग्रशाळेतल्या खोलीचा फोटो, खाटेवर पाठमोरी मावशी. मैत्रिणीने तो उतरवून घेतला, दोन दिवस भांडून. आयोजकांचं म्हणणं, लोकांना 'शंभरातले पाच' कळत नाहीत. सोळा आणे कळतात, मी म्हटलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

निबंध शेवटी निघाला, पण दुसराच. आधीच्या मसुद्यात रुग्ण आठ होते आणि सगळ्यांचे 'आधीचे' आकडे पहिल्या भेटीचे, म्हणजे सगळे शिगेवरचे. ते आठही तिने बाजूला ठेवले. हे लिहायला एक ओळ लागते. दीड वर्षाचं काम असं बाजूला ठेवताना तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं आहे. नव्या अभ्यासात रुग्ण नाव नोंदवतो तेव्हा आधी तीन आठवडे नुसते आणे लिहून आणतो. सुई नंतर. पहिल्या दिवशी दिलेल्या प्रत्येक सूचनेची नोंद होते, बाकासकट. अभ्यास सुरू होण्याआधी चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदणीत टाकायचा, म्हणजे नंतर उद्देश गुपचूप बदलता येत नाही. वोमॅकच्या शेवटी तिने स्वतःचे दोन प्रश्न जोडलेत. ते वोमॅकच्या बेरजेत धरायचे नाहीत, वेगळे मांडायचे: मांडी घालून बसताना किती? जमिनीवरून उठताना किती?

वोमॅकच्या रचनेत असं काही घुसडू नये, असं एका परीक्षकाचं मत आलं. मोजे मात्र राहू द्यावेत.

मावशी अजून शुक्रवारी येते. सुई हवी की नुसतं पडायचं, हे तीच त्या दिवशी ठरवते, आणि बहुतेक वेळा सुई मागते. का, असं मी एकदा विचारलं, सगळं तर तुला सांगितलंय. तिने विणता विणता मान वर न करता उत्तर दिलं, दोन दिवस तीन आणे होतात बाय, ते काय कमी?

यंदा चवथीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. मावशीने सुनेच्या हाती अबोलीची फांती पाठवली होती आणि निरोप: आज नऊ आणे. गेल्या वर्षी याच दिवसांत बारा होते. मैत्रिणीचा आवाज चढला होता, मला ऐकू येत होतं ते. मग ती थांबली.

"थांब, मुलाला फोन करते," म्हणाली. "यंदा वहीत ऑर्डरी किती होत्या ते आधी विचारते."